सॅल्व्हेशन माउंटन हा अमेरिकेतला हातानं रचून रंगवलेला डोंगर मातीचा असून पावसात वाहून कसा जात नाही? वरून सिमेंटचा थर दिला तर कायमचा टिकेल ना?

नाही टिकणार. पहिला डोंगर सिमेंटचाच होता आणि तोच कोसळला.

कॅलिफोर्नियात नायलंडजवळ लेनर्ड नाइट यांनी १९८४ मध्ये काम सुरू केलं. सिमेंट पुरवायचं म्हणून त्यात वाळू भरमसाट घातली. असा लेप कडक दिसतो, पण ठिसूळ असतो. आतली माती तापते, निवते, थोडी हलते. लेप हलत नाही, त्याला तडे जातात आणि आतल्या भरावाचा भार पेलवत नाही. १९८९ मध्ये सगळं ढासळलं. कुणाला इजा झाली नाही म्हणून नाइट यांनी देवाचे आभार मानले आणि रीतच बदलली: तिथलीच चिकणमाती, पाणी आणि शेतकऱ्यांकडून आलेला पेंढा.

पेंढा हवाच. माती वाळताना आकसते, तेव्हा पेंढ्याच्या काड्या तिला धरून ठेवतात आणि मोठी भेग पडत नाही. मातीत चिकणमाती साधारण २० ते ३० टक्के, बाकी रेती आणि गाळ. चिकण जास्त झाली की भेगा, कमी झाली की भुगा. डोंगरावरची फुलं ओल्या गोळ्यात मूठ मारून केलेली आहेत.

माती पूर्ण वाळल्यावर रंग. हा बाहेरच्या भिंतींचा लॅटेक्स (पाण्यात मिसळणारा) रंग, बहुतेक लोकांनी आणून दिलेला. एकूण एक लाख गॅलनहून जास्त लागला असावा, असा अंदाज आहे. आत ओल असताना रंग लावला तर फुगे येतात, मग पोपडे. तडा दिसला की सुटा रंग खरवडायचा, कडा ओलसर करायच्या, पेंढ्याची माती दाबून भरायची, सुकू द्यायची, मग रंगवायचं. नुसता रंग फासून तडा झाकला तर पाणी आत शिरतं, बाहेर पडत नाही आणि पापुद्र्यामागे चिखल होतो. चढणाऱ्यांनी पिवळी वाट सोडायची नाही, तेही याचसाठी. एका बुटाची टाच रंगाचा पापुद्रा फोडते.

१९९४ मध्ये रंगात शिसं असल्याचं सांगून काउंटीनं (तिथल्या जिल्हा प्रशासनानं) डोंगर हटवायचं ठरवलं होतं. नाइट यांनी सह्या गोळा केल्या, मातीची स्वतंत्र तपासणी करवली आणि डोंगर राहिला. २०१४ मध्ये ते वारले. तेव्हापासून डागडुजीचा भार एक संस्था आणि स्वयंसेवक उचलतात.

'सिमेंट मारा, कटकट संपेल' म्हणणाऱ्या ठेकेदारांशी माझा जुना वाद आहे. आपल्याकडे पांढऱ्या मातीच्या चांगल्या भिंती याच सल्ल्यानं आतून ओलावून फुटल्या. मातीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा हवा.

एक मात्र सांगायला हवं: रंगाचं जाड आवरण तिथे चालतं, कारण तिथे वर्षाला १०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. कोकणात तसं करू नका. तिथे आधी छपराची वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढा आणि भिंतीचा पाया दगडी ठेवा.