क्रूझ कंट्रोल कसा काम करतो आणि तो अचानक बंद का पडतो?

क्रूझ कंट्रोल म्हणजे गाडीचा ठरवलेला वेग आपोआप राखणारी यंत्रणा. तिच्यात चालकाने ठरवलेला वेग आणि सेन्सरने कळवलेला प्रत्यक्ष वेग यांची नियंत्रक सतत तुलना करतो आणि फरक दिसताच थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) कमी-अधिक उघडतो. म्हणूनच चढावर अ‍ॅक्सिलरेटर न दाबताही इंजिन जोर लावते. यंत्रणा बंद पडल्यास सर्वप्रथम ब्रेक पेडलजवळचा स्विच तपासावा, कारण तो झिजला किंवा जागेवरून सरकला, तर पेडल मोकळे असतानाही ब्रेक दाबल्याचा संदेश जातो आणि नियंत्रक सुरक्षिततेसाठी वेग धरण्याचे नाकारतो. मागचे ब्रेकचे दिवे विनाकारण पेटलेले राहत असतील, तर या स्विचवरचा संशय बळावतो (ते ब्रेक दाबूनही लागत नसतील, तर गाडी कृपया तशीच चालवू नका). वेगाचा सेन्सर, फ्यूज आणि स्टीअरिंगमधील वायरिंग त्यानंतर पाहावे.