आजोबा माझ्यावरच का चिडतात?

प्रश्न : मी हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेतात तिथे, नर्स आहे. एक आजोबा फक्त माझ्यावरच डाफरतात. काल तर पाण्याचा पेला भिरकावला. त्यांच्या खोलीत जायला पाय उचलत नाही. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : नाही गं. मीही बरीच वर्षं हेच काम केलं. एक आजी कूस बदलताना मला शिव्या घालायच्या, मी रडायचे. मग एकदा त्यांनी चादर मुठीत आवळलेली दिसली. कळ यायची, सांगायचा संकोच! डॉक्टरांनी वेदनाशामक अर्धा तास आधी द्यायला सांगितलं आणि शिव्या थांबल्या. म्हणून आधी वेदना तपास. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉण्डर्स मुळात नर्सच. वेदना शरीराबरोबर मनाची, नात्यांची, श्रद्धेचीही असते, हे त्यांनी मांडलं. आणि राग निघतो तो हमखास परत येणाऱ्या माणसावरच.

पेला फेकणं मात्र खपवून घेऊ नकोस. शेजारी बसून सांग, ‘आजोबा, मला लागतं. दहा मिनिटांनी येते.’ आणि दहा मिनिटांनी खरंच परत जा. हे वरिष्ठांच्या कानावर घाल, काही दिवस ती खोली मैत्रिणीकडे दे.