नागपूरहून समुद्रावरचा सूर्योदय टिपायला कुठे आणि कसं जावं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात चार-पाच दिवस मोकळे आहेत, घरचे गणपतीपुळे म्हणतायत, तुम्हाला समुद्रातून वर येणाऱ्या सूर्याचे फोटो काढायचेत, जवळ एक जुना डीएसएलआर आणि मोबाइल आहे, जमेल का?

जमेल, पण गणपतीपुळ्याला नाही. आपल्या राज्याचा अख्खा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. तिथे सूर्य समुद्रात बुडतो आणि सकाळी डोंगराआडून, माडांच्या मागून, चांगलं उजाडल्यावर दिसतो. ‘कोकणातली पहाट’ म्हणून पाण्यावरच्या लाल गोळ्याचे जे फोटो फॅमिली ग्रुपवर फिरतात, ते बहुतेक संध्याकाळचे असतात. हे मी एकदा आमच्या मामेसासऱ्यांना सांगून बसलो. त्यांचं गुड मॉर्निंग आठवडाभर बंद होतं.

झिरो माइलच्या गावात राहण्याचा एवढा तरी फायदा घ्या. समुद्र आपल्याला दोन्हीकडून लांब. पश्चिमेला निघालं तरी रात्र गाडीत, पूर्वेला निघालं तरी रात्र गाडीतच. मग पूर्वेला जा. अहमदाबाद-पुरी एक्सप्रेस नागपूरवरून जाते, विशाखापट्टणमला समता एक्सप्रेस आहे. मी पुरीला तीनदा गेलोय, म्हणून त्याबद्दलच सांगतो. धंद्याने फोटोग्राफर नाही, इतवारीत कापडाचं दुकान आहे. पण माती खाऊन शिकलोय.

तुम्ही डिसेंबर निवडलात हे उत्तम केलंत. पुरीचा किनारा सरळ पूर्वेला नाही, दक्षिणेकडे झुकलेला आहे. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडे सरकतो, तेव्हा तिथे तो जवळजवळ किनाऱ्याच्या रेषेवरच, हॉटेलं आणि झाडांच्या बाजूने उगवतो. डिसेंबरात तो पूर्वेपासून पंचवीसेक अंश दक्षिणेला असतो, म्हणजे थेट पाण्यातून वर येतो. मे महिन्यात जाऊन ‘समुद्रातून आलाच नाही’ म्हणणारे लोक खोटं बोलत नसतात. आमची पहिली खेप उन्हाळ्याच्या सुट्टीतलीच होती.

दुसरं म्हणजे घड्याळ. पुरी आपल्यापेक्षा पावणेसात अंश पूर्वेला आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सत्तावीस मिनिटांचा फरक. डिसेंबरात नागपूरला सूर्य पावणेसातला उगवतो, तिथे सव्वासहालाच. आणि सव्वासहाला पोचायचं नाही, साडेपाचला पोचायचं. मी पावणेपाचला उठवलं तेव्हा आमच्या घरून आलेला प्रश्न होता, “काहून उठवून राहिले हो एवढ्या रात्री?” उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता देतो.

सूर्याची कड दिसल्यापासून अख्खा गोळा पाण्याबाहेर यायला सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात, बस. त्यानंतर दहाएक मिनिटांत तो इतका तळपतो की फोटोत पांढरा ठिपका उरतो. खरा खजिना आहे तो त्याआधीचा अर्धा तास. आधी सगळं निळं असतं, पाणी आणि आकाश यांच्यातली रेघही नीट कळत नाही. मग आग्नेयेला खालून काहीतरी तापायला लागतं, आधी विटकरी, मग पिकल्या संत्र्यासारखं. ढग थोडे उंचावर आणि क्षितिजाजवळ फट असेल तर ते खालून पेटतात, आणि हे सूर्य दिसायच्या आधी होतं, नंतर नाही. मला मिळालेले चांगले चार फोटो आहेत, त्यांतल्या तिघांत सूर्यच नाहीये.

आपल्याला सवय फुटाळा तलावाच्या काठावर मावळतीची. मावळताना सूर्य समोर दिसत असतो, कुठे बुडणार ते कळतं, जागा बदलायला वेळ असतो. उगवतीला सगळं उलटं. अंधारात अंदाजाने ट्रायपॉड लावायचा आणि सूर्य शंभर पावलं डावीकडून निघाला की होडी फ्रेमच्या बाहेर. म्हणून निदान दोन सकाळी हाताशी ठेवा. पहिल्या सकाळी फोटोची हाव न धरता फक्त बघा: कुठून निघतो, होड्या कुठे लागतात, लाट कुठवर येते. मोबाइलवर सूर्याची दिशा दाखवणारी ॲप्स आहेत, आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर उभं राहून बघून घ्या.

दुसऱ्या खेपेला मी हॉटेलच्या एसी खोलीतून कॅमेरा काढला आणि तडक वाळूवर गेलो. बाहेरची हवा दमट, काच थंडगार. लेन्सवर असं धुकं धरलं की जणू तर्रीच्या पातेल्यावरचं झाकण. पुसलं की परत. आतल्या काचेवरही होतं, तिथे तर हात पोचत नाही. आकाश समोर पेटलंय आणि मी लेन्स शर्टाच्या आत पोटाशी धरून ऊब देतोय. धुकं उतरलं तेव्हा सूर्य दोन बोटं वर आला होता. तेव्हापासून कॅमेरा रात्रभर बॅगेत बंद आणि बॅग बाल्कनीत. निदान अर्धा-पाऊण तास आधी तरी बॅग एसीबाहेर काढा, पण चेन लगेच उघडू नका, आतल्या आत हळूहळू तापू द्या.

पुरीला स्वर्गद्वाराकडे गर्दी, चहावाले, उंट, सगळं असतं. फोटोला पूर्वेकडच्या टोकाला, पेंठकट्याच्या कोळीवस्तीकडे जा. तिथले कोळी, नोलिया म्हणतात त्यांना, अंधारातच होड्या पाण्यात लोटतात. आठ-दहा जण खांदा लावतात, एक जण हाळी देतो, लाट आली की सगळे एकदम रेटतात. होडीचं टोक लाटेवर चढतं आणि क्षणभर पाठीमागच्या तांबड्यावर नुसती काळी आकृती उरते. ती हवी असेल तर शटर १/५०० सेकंदाच्या आसपास. चेहऱ्याचा फोटो काढण्याआधी हाताने विचारा, बहुतेक जण हसून मान हलवतात. त्यांची भाषा उडियापेक्षा तेलुगू जास्त, आणि हिंदी कामापुरती. आणि एक सांगून ठेवतो, त्या टोकाला वाळू फार स्वच्छ नाही, खाली बघून चाला.

सेटिंगचं फार मनावर घेऊ नका. ट्रायपॉडवर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदना) १००, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८ ते एफ ११, आणि रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलमध्ये काढा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा शहाणपणा करून सगळी केशरी छटा धुऊन टाकतो, डेलाइटवर ठेवा. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यायचा ते, आकाशाच्या उजेडावर धरा, सूर्याच्या थेट बाजूला असलेल्या भागावर. वाळू काळी गेली तरी चालेल, ती रॉ मधून थोडी वर काढता येते. आकाश एकदा पांढरं जळलं की परत येत नाही. लाट मागे सरताना ओल्या वाळूचा आरसा होतो, तेव्हा अर्ध्या सेकंदाचं शटर द्या. मात्र ओल्या वाळूत ट्रायपॉडचे पाय प्रत्येक लाटेला इंचभर खचतात, म्हणून आधी दाबून रोवा आणि लाट पायाशी असताना बटण दाबू नका.

मोठी लेन्स असेल तर सूर्य मोठा येतो, पण किती? सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद. २०० मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा दोन मिलिमीटरच्याही आत. मोबाइलच्या रुंद लेन्सवर तर टिकलीच. म्हणून मोबाइलने सूर्य ‘मोठा’ करायला झूम ताणू नका. होडी, माणूस, ओली वाळू यांना जवळ घ्या, उजळ आकाशावर बोट दाबून धरून उजेड थोडा खाली ओढा. आणि डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघायचं नाही, मोठ्या लेन्सने तर अजिबातच नाही, स्क्रीनवर बघा. डोळ्यांशी मस्करी नको.

क्षितिजावर टेकलेला दिसतो तो सूर्य खरं तर अजून खालीच असतो, बरं का. हवेतून येताना किरण वाकतात, त्यामुळे तो जवळजवळ आपल्या एका व्यासाइतका वर उचललेला दिसतो. खालची कड वरच्यापेक्षा जास्त उचलली जाते म्हणून गोळा चपटा, मडक्यासारखा दिसतो. फोटोत सूर्य लांबोळका आला म्हणून लेन्स दुकानात घेऊन जाऊ नका. तेवढा वेडेपणा मी केलाय.

एक सकाळ कोणार्कसाठी ठेवा. पुरीपासून पस्तीस किलोमीटर, साडेचारला गाडी काढली तर सूर्यमंदिरापासून तीनेक किलोमीटरवरच्या चंद्रभागा किनाऱ्यावर वेळेत पोचता. सूर्योदय तिथे बघायचा आणि मग तेराव्या शतकातल्या त्या दगडी रथाला जायचं, चोवीस चाकं आणि सात घोडे. चाकांवर कोवळं तिरपं ऊन पडलेलं असतं, कोरीव काम उठून दिसतं. माघ शुद्ध सप्तमीला तिथे स्नानाची मोठी यात्रा भरते. म्हणजे आपण अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालतो त्याच रथसप्तमीला. त्या दिवशी ट्रायपॉड रोवायला जागा मिळणार नाही, माणसांचे फोटो मात्र भरपूर मिळतील. तुम्ही डिसेंबरात जाताय, तुम्हाला मोकळा किनारा.

सोबत न्यायला: पाण्याची छोटी बाटली आणि मऊ कापड. खारट तुषार लेन्सवर वाळले की कोरडं पुसू नका, चरे पडतात. आधी ओलं, मग कोरडं. मी दुकानातलं दोनदा धुतलेलं मलमल वापरतो. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही, वारा असो वा नसो. परतल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मी पहिल्यांदा धुतले नव्हते. महिनाभराने दिवाणखान्यात उघडला तर करकर आवाज आला आणि गालिच्यावर पुरीची चिमूटभर वाळू.