वेल्समधल्या ॲबरफॅन गावात १९६६ साली नेमकं काय झालं होतं?

ॲबरफॅन हे कोळसाखाणीचं गाव. खाणीतला टाकाऊ माल वरच्या डोंगरावर रचत गेले. त्यातला सात नंबरचा ढीग तर चक्क झऱ्यांवर! २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी सव्वानऊच्या सुमारास तो घसरला आणि थेट शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. चौकशीत दोष सरकारी नॅशनल कोल बोर्डावर आला. मला खरी चीड येते ती पुढच्या प्रकाराची. उरलेले ढीग हटवायला गावासाठी जमलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले. ते परत मिळाले १९९७ साली, तेही बिनव्याजी. खाण १९८९ मध्ये बंद झाली. शाळेच्या जागी आता स्मृतिउद्यान आहे, आणि चढावरच्या दफनभूमीत मुलांच्या कबरींवर पांढऱ्या कमानींची रांग.