जपानमधील स्वस्त ओन्सेन निवासात आई-वडिलांना नेणे योग्य ठरेल का?

ओन्सेन निवासात, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचे स्नानगृह असलेल्या जागी, प्रतिव्यक्ती आठ हजार येनमध्ये दोन वेळच्या जेवणासह मिळणारी खोली आई-वडिलांसाठी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. याच दरात मी आणि माझी पत्नी तोचिगी प्रांतातील किनुगावा येथे एक रात्र राहिलो होतो आणि आमची फार निराशा झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

खोली जुनी होती, तातामी, म्हणजे जमिनीवरची गवती चटई, झिजलेली होती आणि गाद्या आम्हालाच घालाव्या लागल्या. एवढ्या पैशांत ते आम्ही गृहीतच धरले होते. मन खट्टू झाले ते स्नानगृहात. दार उघडताच जलतरण तलावासारखा क्लोरीनचा उग्र दर्प आला आणि कपडे बदलण्याच्या खोलीतील फलकावर पाणी तापवलेले, गाळून पुन्हा फिरवलेले व निर्जंतुक केलेले आहे, असे स्पष्ट लिहिलेले दिसले. यात बेकायदेशीर काहीच नव्हते, कारण 1948 च्या कायद्यानुसार उगमापाशी पाण्याचे तापमान किमान 25 अंश सेल्सिअस असले, किंवा ठरवून दिलेल्या 19 घटकांपैकी एक जरी पुरेशा प्रमाणात असला, तरी ते ओन्सेन ठरते; टाकीत पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, हा प्रश्न वेगळा. काही ठिकाणी पाण्यात रंगीत पूड मिसळली जात असल्याचे 2004 मध्ये उघड झाल्यानंतर, 2005 पासून असे फलक लावणे बंधनकारक झाले. आम्ही मात्र तो पैसे भरल्यानंतर वाचला.

जेवणाचीही तीच गत झाली. पत्नी शाकाहारी असल्याने तिने प्रत्येक पदार्थाची चौकशी केली, तेव्हा मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचे सार) आणि शिजवलेल्या भाज्या माशाच्या अर्कातच केलेल्या आहेत, असे तेथील बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले. तिने भात, लोणचे आणि तोफू यांवर भागवले. त्या बाईंना दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही, कारण सामान उचलण्यापासून वाढण्यापर्यंत सारे काही दोनच माणसे करत होती. कंपन्यांच्या सहलींच्या भरवशावर दरीच्या काठाने उभी राहिलेली तिथली अनेक मोठी हॉटेले, मंदी आणि 2003 मध्ये कोसळलेली, त्यांना कर्ज देणारी आशिकागा बँक यांनंतर बंद पडली. त्यांच्या फुटक्या खिडक्या आमच्या खोलीतूनही दिसत होत्या.

म्हणून आरक्षणापूर्वी पाणी ‘गेन्सेन काकेनागाशी’ आहे का, म्हणजे उगमाचे पाणी पुन्हा न वापरता सतत वाहते ठेवतात का, हे लेखी विचारावे. तेवढ्याच पैशांत कुसात्सू या दुसऱ्या ओन्सेन गावात जेवणाविना खोली घेऊन तिथल्या मध्यवर्ती झऱ्याच्या, म्हणजे युबाताकेच्या, शेजारच्या शिराहाता-नो-यु या विनामूल्य सार्वजनिक स्नानगृहात जाणे मला अधिक पटते. मात्र ते पाणी अतिशय कढत व आम्लधर्मी असते, त्यामुळे वडीलधाऱ्यांनी टाकीत फार वेळ बसू नये, आणि आईंना अनोळखी स्त्रियांसमोर विवस्त्र होण्याचा संकोच वाटणार असेल, तर कुटुंबापुरते राखीव स्नानगृह, ‘काशिकिरी’, असलेलेच निवासस्थान निवडावे.