नोकरीतली पीएचडी अर्धवट का राहते?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात सहा जणांनी पीएचडीची नोंदणी केली, प्रबंध एकानेच सादर केला. असं का होतं? – एक प्राध्यापिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : बहुतेकदा विषयच घात करतो. ‘विदर्भातील संत्रा शेती’ घेतलीत तर माहिती गोळा करण्यातच वर्षं जातात. ‘काटोल तालुक्यातील ठिबकवरच्या बागांचा पाणीखर्च’ मात्र पुरा होतो. काटोलला रविवारी जाऊन येता येतं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार मुदत ६ वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी २. ऐकायला भरपूर वाटते. पण पेपर तपासणी, परीक्षा, नॅकची (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची) कामं यांत सलग दिवस मिळत नाहीत, आणि तुटक तासांत वाचन होतं, लेखन होत नाही. अर्धवेळ नोंदणीसाठी ना-हरकत पत्र लागतं. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, असं संस्थाच त्यात लिहून देते. ते फायलीत पडू देऊ नका. त्याच्या आधारे प्राचार्यांकडून आठवड्यातल्या दोन सकाळी वेळापत्रकात मोकळ्या करून घ्याच!

मार्गदर्शकांची निवृत्ती कधी, हे आधीच विचारा. दर सत्रात संशोधनाची प्रगती पाहणाऱ्या सल्लागार समितीसमोर नुसता अहवाल नको, एक लिहिलेलं प्रकरण न्या, कच्चं असलं तरी.