निर्णय चुकला का, हे संध्याकाळी सात वाजता ठरवू नका

“काम चांगलं आहे, पगार वाढलाय, वरिष्ठांचीही तक्रार नाही. मग रोज संध्याकाळी मला रडू का येतं? नोकरीसाठी शहर बदलण्याचा माझा निर्णय चुकला का?”

हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्याकडे सतत येतो. विचारणारे कधी पहिल्यांदाच घराबाहेर पडलेले बाविशीतले असतात, तर कधी बढतीवर बदली होऊन कुटुंब मागे ठेवून आलेले चाळिशीतले. बहुतेकांना ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर हवं असतं. ते मी देत नाही, कारण तो प्रश्न विचारण्याची वेळच बहुधा चुकलेली असते. म्हणजे काय, हे सांगण्यासाठी एका तरुणीबरोबर केलेलं काम इथे मांडते. तिची संमती घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिशीला टेकलेली, कामात हुशार, बोलण्यात नेटकी. नव्या शहरात येऊन पाच महिने होत आले होते. पहिल्याच भेटीत तिने एक कागद पुढे ठेवला. डावीकडे ‘राहण्याचे फायदे’, उजवीकडे ‘परत जाण्याचे फायदे’. डावी बाजू चांगली लांबलचक होती.

“मॅडम, कागदावर बघितलं तर प्रश्नच नाही. तरी रोज वाटतं, बॅग उचलावी आणि जावं.”

कागद मी बाजूला ठेवला आणि कालचा दिवस सकाळपासून सांगायला सांगितलं. ऑफिस सुटेपर्यंतचा दिवस तिने भरभर सांगितला.

“मग खोलीवर आले.”

“मग?”

“मग काही नाही.”

हे ‘काही नाही’ झोपेपर्यंतचे चार-पाच तास होते. त्यात काय असायचं, हे हळूहळू कळत गेलं. ओट्याशी उभ्यानेच जेवण. आईला फोन, त्यात ‘सगळं मस्त चाललंय’. मग जुन्या मैत्रिणींचे फोटो बघत बसणं. सामानाची निम्मी खोकी अजून चिकटपट्टीसकट भिंतीला लावलेली. आणि दर शुक्रवारी ऑफिसातून परस्पर गाडी पकडून गावी, ती रविवारी रात्री उशिरा परत. थोडक्यात, ती या शहरात राहत नव्हती. इथे फक्त काम करत होती आणि झोपत होती.

निघता निघता ती म्हणाली, “रात्री मी खोलीवर पोचले की नाही, हे इथे कुणालाच माहीत नसतं.” त्या दोन रकान्यांपेक्षा मला हे वाक्य महत्त्वाचं वाटलं.

‘मन रमत नाही’ या तक्रारीत दोन-तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. त्यातली एक आहे निव्वळ थकवा, आणि तो सहसा कुणी मोजत नाही. जुन्या शहरात आपले पाय आपोआप चालतात. कुठे वळायचं, औषध कुठे मिळतं, कोणत्या वेळी कोणता रस्ता टाळायचा, यातलं काहीच आठवावं लागत नाही. आपल्या सवयी जागेला आणि वेळेला बांधलेल्या असतात. वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. भोवतालची परिस्थिती बदलली की जुन्या सवयींची पकड सुटते, असं त्यात दिसलं. नवी चांगली सवय लावायला हे सोयीचं आहे, पण तोवर प्रत्येक बारीक गोष्ट डोकं वापरून करावी लागते. दिवसभर असं चाललं की संध्याकाळी डोकं शिणतं, आणि नेमक्या त्याच वेळी आपण आयुष्याचा हिशोब मांडायला बसतो. म्हणून तिला मी पहिला नियम दिला तो हा: परत जायचं की नाही, याचा विचार संध्याकाळी करायचा नाही. आलाच तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं आणि सकाळी खरंच बघायचं. नियम वरवरचा वाटतो, तिलाही वाटला. पण आठवडाभराने ती म्हणाली की सकाळी तो प्रश्न तितका भेडसावत नाही.

दुसरी गोष्ट आईच्या फोनची. घरच्यांना काळजी नको म्हणून ‘मस्त’ म्हणायचं हे समजण्यासारखं आहे. पण रोज तसं सांगितलं की जवळच्या माणसाशी बोलूनही आपण एकटेच उरतो. मी सुचवलं, रोजच्या फोनात एक खरी गोष्ट सांगायची. मोठी नको, एकच. पहिल्या दिवशी तिने सांगितलं, “संध्याकाळी करमत नाही गं.” आईचं उत्तर तयारच होतं: “मग सोड ती नोकरी आणि ये निघून!” (आयांचं हे असंच असतं, त्यात त्यांचा दोष नाही.) पुढच्या भेटीत आम्ही एका वाक्याचा सराव केला: “आई, उपाय नको, फक्त ऐक.” ते वाक्य तिला तीन-चारदा वापरावं लागलं. मग आईनेच एकदा लग्नानंतरची आपली पहिली काही वर्षं कशी गेली ते सांगितलं. ते तिने कधीच ऐकलेलं नव्हतं.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे माणसं. तिने प्रयत्न केले नव्हते असं नाही. कुठे एक दिवसाची भटकंती, कुठे चित्रांची कार्यशाळा, कुठे नव्याने शहरात आलेल्यांचा मेळावा. प्रत्येक ठिकाणी नवी माणसं, तेच प्रश्न, तीच उत्तरं, फोन नंबरांची देवाणघेवाण आणि पुढे शांतता. यावरून तिने स्वतःबद्दल निकाल लावून टाकला होता: “मला मैत्री जमत नाही. आधीच्या मैत्रिणी शाळेतल्या होत्या म्हणून टिकल्या.”

इथे मी तिला एका संशोधनातले आकडे सांगितले. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांचा हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या एका भागात गेल्या सहा महिन्यांत नव्या ठिकाणी राहायला गेलेली ३५५ प्रौढ माणसं होती, म्हणजे अगदी हिच्यासारखीच. निष्कर्ष ढोबळ आहे, पण डोळे उघडणारा आहे. ओळखीचं रूपांतर वरवरच्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, खऱ्या मैत्रीपर्यंत पोचायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक.

ती आकडेमोडीतली, तिने लगेच हिशोब केला. आठवड्याला दोन तास एकाच माणसाबरोबर घालवले तरी ५० तास व्हायला २५ आठवडे, म्हणजे जवळजवळ सहा महिने. आणि तिने दोन-दोन तास प्रत्येक वेळी वेगळ्या माणसांबरोबर घालवले होते. दहा ठिकाणी हातहातभर खणलं तर पाणी कुठून लागणार?

“पण ऑफिसात तर आठ तास माणसांतच असते की,” ती म्हणाली. हॉल यांना त्याचंही उत्तर सापडलं होतं. सोबत काम करण्यात गेलेले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत. एकत्र जेवणं, निवांत गप्पा, काही न करता बसणं, हे होतात.

‘नवीन लोकांना भेटा, छंद जोपासा’ हा सल्ला म्हणूनच मला अर्धवट वाटतो. नवीन लोकांना भेटून काही होत नाही. त्याच लोकांना पुन्हा भेटावं लागतं. आम्ही ठरवलं की सगळे सुटे कार्यक्रम बंद. एकच जागा, ठरलेले वार, ठरलेली वेळ. तिने पोहणं निवडलं, तेही कारण देऊन: “पाण्यात कुणाशी बोलावं लागत नाही.” मला ही निवड फार आवडली. न बोलता राहता येईल अशी जागा असली की माणूस तिथे टिकतो, आणि टिकला की आज ना उद्या बोलतोच. मी एवढंच म्हटलं की बॅच संध्याकाळची घ्या, ते ‘काही नाही’ जिथे आहे तिथलीच.

पहिले काही आठवडे ती येऊन सांगायची, “त्या बायकांचा ग्रुप आधीपासूनचा आहे. मी बोलले ते त्यांना विचित्रच वाटलं असणार.” असं वाटणारी ती एकटी नाही. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं आहे की अनोळखी माणसाशी गप्पा झाल्यावर आपण समोरच्याला किती आवडलो, याचा अंदाज लोक कमीच करतात. प्रत्यक्षात आपण त्याहून जास्त आवडलेलो असतो. एकट्या पडलेल्या माणसाच्या मनात ही शंका आणखी घट्ट बसते, आणि मग तो स्वतःच एक पाऊल मागे सरतो.

पुढे एकदा ती आजारी पडून दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी त्या ग्रुपमधल्या एका बाईंनी विचारलं, “दोन दिवस दिसला नाहीत?” एवढंच. त्या बाईंचं नावही तिला तेव्हा माहीत नव्हतं. पण त्या भेटीत ती वेगळ्याच आवाजात बोलत होती. तोंडओळखीच्या माणसांना आपण कमी लेखतो. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात, ज्या दिवशी अशा लोकांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं झालं त्या दिवशी माणसांना जास्त आनंदी आणि आपलेपणाचं वाटलं होतं. जिवलग मिळायला २०० तास लागोत. वॉचमनने ओळखून मान हलवायला इतका वेळ लागत नाही.

शनिवार-रविवारचा प्रश्न मात्र सहज सुटला नाही. माझं मत स्पष्ट होतं: दर आठवड्याला गावी जाणं थांबायला हवं. एकदम बंद नाही, एकाआड एक. ती चिडली. “तेवढ्या दोन दिवसांवरच तर मी जगते!” मी म्हटलं, तेच तर. इथे राहिलेला तिचा पहिला रविवार भयंकर गेला. दुपारपर्यंत झोप, मग रडणं, मग मला मेसेज: उपाय फसला. मी लिहिलं की रविवार छान जावा असं आपलं ठरलंच नव्हतं, तो इथे जावा एवढंच ठरलं होतं. तिला ते पटलं की नाही, कोण जाणे. पण पुढच्या इथल्या रविवारी कंटाळून तिने खोकी उघडली. ती इतके दिवस का उघडली नव्हती, हेही तेव्हाच बोलली. खोकी उघडली की परतीचा रस्ता बंद होतो, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

इथे एक सावधगिरी. सगळ्यांनाच ‘थांबा, वेळ द्या’ हे लागू नाही. कामाच्या ठिकाणी छळ होत असेल, राहती जागा सुरक्षित नसेल, पगारात भागतच नसेल किंवा घरी खरोखरच आपली गरज पडली असेल, तर तिथे रुळण्याचा प्रश्नच नाही. परिस्थिती बदलायलाच हवी. सलग दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर उदास वाटत असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, त्याबरोबर झोप आणि भूक बिघडली असेल, कामावर जाणंही जमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

हिच्या बाबतीत तसं काही नव्हतं. आमच्या भेटी हळूहळू विरळ होत गेल्या. ती अजूनही महिन्यातून एकदा-दोनदा गावी जाते, आणि परतीच्या गाडीत कधी कधी डोळे भरून येतात म्हणते.

शेवटच्या भेटीत तिने सांगितलं की जुन्या कंपनीतून फोन आला होता, परत येतेस का म्हणून. सुरुवातीच्या महिन्यांत आला असता तर मी फोनवरच हो म्हटलं असतं, असंही ती म्हणाली. आता तिने हुद्दा काय, हाताखाली किती माणसं, दोन वर्षांनी पुढे काय, असे प्रश्न लिहून पाठवले होते. त्यांचं उत्तर यायचं होतं. ते बघून ठरवीन म्हणाली, आणि जावंसं वाटलं तर जाईनही.